पुढं काय होणार, ते मलाही सांगा

‘कधी जायचं?’ हा एकच प्रश्न ज्या घरात सकाळपासून चाळीस वेळा विचारला जातो, त्या घरासाठी ही पुस्तिका आहे. विचारणारा मुलगा किंवा मुलगी स्वमग्न आहे, उत्तर दहा वेळा देऊन झालंय, आणि तरी अकराव्यांदा तोच प्रश्न त्याच सुरात येतो. घरातली माणसं वैतागतात. कोणी म्हणतं हट्टी आहे, कोणी म्हणतं लाडानं बिघडलाय, आजी दृष्ट काढते. ते मूल घाबरलेलं असतं, एवढंच. तोंडी दिलेलं उत्तर क्षणात विरून जातं आणि भीती मात्र जागची हलत नाही, म्हणून ते पुन्हा विचारतं. तेच उत्तर चित्रांच्या पट्टीवर भिंतीला लावून ठेवलं, मुलाला हवं तेव्हा जाऊन ते पाहता आलं, तर बऱ्याच घरांत प्रश्नांचा मारा कमी होतो. सहायक साधनांची ओळख इथूनच करून द्यावी असं मला वाटतं. कारण ‘तंत्रज्ञान’ म्हटलं की लातूर-नांदेडकडच्या पालकांच्या डोळ्यांसमोर आधी पुण्या-मुंबईच्या फेऱ्या आणि त्यांचा खर्च उभा राहतो.

स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, वैद्यकीय इतिहासात लिओ कॅनर हे नाव टाळता येत नाही. बाल्टिमोरच्या या मनोविकारतज्ज्ञानं 1943 साली 11 मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. सगळं जसंच्या तसं राहावं ही या मुलांची ओढ आणि तिच्यामागची चिंता, दोन्ही त्यानं त्या लेखातच टिपलं होतं. तरी पुढची कित्येक वर्षं उपचारांचा सगळा भर बोलण्यावर, नजरेवर आणि वागण्यावर राहिला. मूल खुर्चीत बसतं का, नाव घेतल्यावर बघतं का, याची नोंद व्हायची. ते घाबरलंय का, हे फारसं कोणी विचारत नव्हतं. 2011 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी आधीचे 31 अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत दोन हजारांहून अधिक स्वमग्न मुलं आणि किशोरवयीन होते आणि त्यातल्या जवळपास 40 टक्क्यांना निदान करण्याजोगा चिंताविकार होता. शंभरातली चाळीस मुलं. त्यांच्या फायलींवर मात्र ‘वर्तनसमस्या’ असं लिहिलेलं असतं.

ही चिंता कशी असते, हे लातूर जिल्ह्याला बाहेरच्या कोणी येऊन सांगायची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, आणि त्यानंतर कितीतरी दिवस, घराला साधा तडाही न गेलेली माणसंसुद्धा अंगणात आणि पत्र्याच्या शेडमध्ये झोपत होती. जमीन काही रोज हलत नव्हती. ती कधी हलेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. 2022 मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीखालून आवाज येऊ लागले, तेव्हा पुन्हा लोकांनी रात्री जागून काढल्या. त्यांना कोणी हट्टी म्हटलं नाही. स्वमग्न मुलाच्या बाबतीत असं अवचित हादरणं एका दिवसात अनेकदा होतं. मिक्सर सुरू होतो, कुकरची शिट्टी होते, न सांगता पाहुणे येतात, शाळेची रिक्षा आज दुसऱ्याच रस्त्यानं जाते, रोजच्या बाई रजेवर असतात. सोळा रस्ते जिथून फुटतात त्या लातूरच्या गंजगोलाईत सणासुदीच्या संध्याकाळी आपलंही डोकं उठतं. ज्याला हॉर्न, दिवे, घामाचे वास, अंगाला लागणारे धक्के यांतलं काहीच गाळून बाजूला ठेवता येत नाही, त्याचं तिथं काय होत असेल?

म्हणून कुठलंही साधन हाती घेताना मी दोन गोष्टी पाहते. पुढं काय होणार आहे, हे त्यातून त्या माणसाला कळतं का? आणि आता पुरे, थांबा, असं त्याला त्यातून सांगता येतं का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते साधन कितीही महागाचं असो, ते मुलासाठी नाही, मुलाला गप्प बसवण्यासाठी आहे.

टेंपल ग्रँडिन यांची हकिकत इथं सांगायला हवी. त्या स्वतः स्वमग्न आहेत आणि पशुविज्ञानाच्या प्राध्यापक म्हणून जगभर ओळखल्या जातात. शाळकरी वयात त्यांना भयंकर घाबरगुंडीचे झटके येत. उन्हाळ्यात ॲरिझोनात सावत्र वडिलांच्या बहिणीच्या गुरांच्या फार्मवर असताना त्यांनी एक खोडा पाहिला. लस टोचताना जनावराला त्यात दोन्ही बाजूंच्या फळ्यांमध्ये हलकेच दाबून धरायचे, आणि बिथरलेली गुरं त्या दाबानं शांत होत. त्यांनी स्वतःसाठी तसंच लाकडी यंत्र बनवलं. 1960 च्या दशकातली ही गोष्ट. माणसांची मिठी त्यांना सोसत नव्हती, या फळ्यांचा दाब सोसायचा. का, तर दाब किती हवा आणि कधी सोडायचा हे ठरवणारा दांडा त्यांच्या स्वतःच्या हातात होता. तेव्हाच्या मोठ्या माणसांना हे यंत्र विचित्र वाटलं, ते काढून घेण्याच्याही गोष्टी झाल्या. पुढं त्याच यंत्रावर त्यांनी शोधनिबंध लिहिला. साधन कोणाच्या ताब्यात आहे, या एका गोष्टीनं सगळा फरक पडतो, हे मला या हकिकतीतून सगळ्यात स्पष्ट दिसतं.

आपल्याकडे हा ताबा मुलाकडे देणं कसं शक्य आहे, ते कटिंगच्या दुकानाच्या उदाहरणानं बघू. तिथं मुलाच्या वाट्याला काय काय येतं? मागं उभा राहिलेला अनोळखी माणूस, गळ्याभोवती आवळलेलं कापड, तोंडावर फसकन येणारा पाण्याचा फवारा, कानाशी मशीनची गुणगुण, मानेत टोचणारे केस, आरशात हलणारी माणसं, वर कोपऱ्यात टीव्ही. आणि हे किती वेळ चालणार, काही पत्ता नाही. दोघातिघांनी धरून केस कापले की काम त्या दिवसापुरतं होतं. पुढच्या खेपेला मूल गल्लीच्या तोंडाशीच रडायला लागतं. त्यापेक्षा दुकानदाराशी आधी बोलून ठेवावं. दुपारची निवांत वेळ ठरवावी. मोबाइलवर त्याच दुकानाचा, त्याच खुर्चीचा, कापडाचा, कात्रीचा फोटो काढावा आणि शेवटी आपल्या घराच्या दाराचा. झेरॉक्सच्या दुकानात फोटो छापून लॅमिनेट करून मिळतात. शिलाईच्या सामानाच्या दुकानात वेलक्रो मीटरवर मिळतं. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर ते चिकटवलं की पट्टी तयार. पहिल्या दिवशी नुसतं दुकानापर्यंत जाऊन परत यायचं. मग कधी खुर्चीत बसून परत. फवारा नको असेल तर केस कोरडेच कापा म्हणायचं, मशीन नको असेल तर कात्री. एकेक टप्पा झाला की तो फोटो पट्टीवरून काढून खिशात टाकायचा, आणि हे काम मुलानंच करायचं. शेवटचा दाराचा फोटो उरलाय, हे त्याला दिसतं. किती राहिलं ते त्याला आता कोणाला विचारावं लागत नाही.

फोटो आपल्याच दुकानाचा हवा, हा या पुस्तिकेच्या लेखकांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या गुबगुबीत कार्टून खुर्चीशी उदगीरच्या किंवा औशाच्या दुकानातल्या खुर्चीचं काही नातं नसतं, आणि जे दाखवलं ते भेटलं नाही की आमची मुलं जास्त बिथरतात. हेच एसटी स्टँडचं, दवाखान्याचं, परीक्षा केंद्राचं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल विद्यापीठानं यासाठी एक खास खोली वापरून पाहिली. चारही बाजूंना पडद्यासारखी दृश्यं, आणि त्यात मुलाला ज्याची धास्ती आहे तो प्रसंग हळूहळू वाढवत दाखवायचा, सोबत मानसतज्ज्ञ. 2014 च्या त्या अभ्यासात 9 मुलगे होते आणि त्यातल्या 8 जणांना धास्तीच्या प्रसंगाला आधीपेक्षा बरं तोंड देता आलं. एवढ्याशा संख्येवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण त्यामागचं तत्त्व लातूरला वापरायला तशी खोली लागत नाही. आईनं मोबाइलवर चित्रित केलेला स्टँडचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, घरच्या खाटेवर बसून, आवाज आधी बंद ठेवून, मग थोडाथोडा वाढवून पाहता येतो.

पट्टीचा एक धोका मात्र आहे. पट्टीवर शाळा आहे आणि शाळेला अचानक सुट्टी जाहीर झाली तर? म्हणून पहिल्या आठवड्यापासून ‘बदल’ नावाचं एक कार्ड पट्टीत असू द्या, आणि सुरुवातीला ते आनंदाच्या बदलांसाठी वापरा: भाताऐवजी शिरा, चालत जाण्याऐवजी गाडीवर. ते कार्ड म्हणजे दरवेळी संकट नव्हे, हे एकदा पटलं की ‘लाइट गेली’, ‘बस उशिरा’, ‘बाई आल्या नाहीत’ हेही त्या कार्डावर झेपायला लागतं. मराठवाड्यात दिवस आखलेल्या पट्टीप्रमाणे क्वचितच जातो. त्यामुळे हे कार्ड आपल्याकडे इतर कुठल्याही कार्डापेक्षा जास्त झिजणार.

बोलण्याच्या साधनांकडे येऊ. आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइननं ‘जेलो’ हे ॲप तयार केलंय. ते मोफत आहे आणि मराठीत बोलतं. पडद्याच्या मधोमध जेवण, खेळ, माणसं, जागा, मदत अशी चित्रं आणि दोन्ही बाजूंना आवडतं-आवडत नाही, हो-नाही, जास्त-कमी अशी सहा बटणं. चित्रावर बोट ठेवून बाजूचं बटण दाबलं की पूर्ण वाक्य ऐकू येतं. चेन्नईच्या अजित नारायणन यांचं ‘आवाज’ त्याच्याही आधीचं आणि देशाबाहेरही पोचलेलं. ॲप दिलं तर मूल कधी बोलायचंच नाही, ही भीती मला सगळ्या पालकांकडून ऐकायला मिळते. आतापर्यंतचे अभ्यास तसं सांगत नाहीत. चित्रांनी बोलणं थांबत नाही, उलट काही मुलांचं तोंडी बोलणं थोडं वाढतं. आणि समजा नाहीच वाढलं, तरी पोट दुखतंय हे सांगता न येणं आणि बोट ठेवून सांगता येणं यांत किती अंतर आहे, ते त्या मुलालाच ठाऊक.

इथं मला थोडं आग्रहानं बोलायचंय. बहुतेक ठिकाणी चित्रांचं शिक्षण बिस्किट मागण्यापासून सुरू होतं. चिंतेचा विचार केला तर पहिलं चित्र ‘नको’चं असायला हवं, आणि दुसरं ‘थांबा’. ज्याला नको म्हणता येत नाही तो चावतो, ढकलतो, स्वतःचं मनगट कुरतडतो, पळून जातो. मग त्याला आपण आक्रमक ठरवतो. ‘नको’ शिकवणं सोपं आहे, ऐकणं अवघड. मुलानं बटण दाबलं, यंत्र स्वच्छ मराठीत ‘नको’ म्हणालं, आणि तरीही आपण ताटातला घास तोंडात कोंबला, तर त्या दिवशी ते यंत्र मुलापुरतं संपलं. औषध घ्यायचं असतं, सुई टोचायची असते, प्रत्येक ‘नको’ पाळता येत नाही हे मान्य. तेव्हा ‘ऐकलं, पण हे करावंच लागणार आहे, पाच मोजेपर्यंत’ असं सांगायचं आणि पाचलाच संपवायचं. सहावर गेलात तर पुढच्या वेळी तुमच्या मोजण्यावर त्याचा भरवसा राहत नाही.

भाषेचंही एक सांगायचं राहिलं. ॲपमधली मराठी छापील असते. देवणी, उदगीरकडच्या घरांत कन्नड, तेलुगू, उर्दू चालते, तांड्यांवर गोरमाटी. घाबरलेल्या मुलाला धीर देणारा आवाज घरच्याच बोलीतला हवा. साध्या मोबाइलवर आईचा किंवा आजोबांचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवता येतो, ही सोय कोणत्याही ॲपपेक्षा जुनी आहे आणि आपण ती विसरलोय.

कानांसाठी काय? कारखान्यातले कामगार वापरतात ते कानावर बसणारे इअरमफ औद्योगिक सुरक्षेचं सामान ठेवणाऱ्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतात, आणि लग्नाच्या मांडवात, फटाक्यांच्या दिवसांत तेच पुरेसे असतात. आवाज कापणारे महागडे हेडफोन पंख्याची घरघर, गाडीच्या इंजिनाचा एकसुरी आवाज छान कमी करतात; अचानक फुटलेल्या लवंगी फटाक्यापुढं किंवा ओरडणाऱ्या मामापुढं त्यांचा तेवढा उपयोग नाही. खर्च करण्याआधी हे माहीत असावं. ते दिवसभर घालून ठेवणंही बरं नाही, कान शांततेला इतके सरावतात की साधा आवाजही मग टोचतो. गळ्यात अडकवलेले असू द्या, लावायचे कधी ते त्याला ठरवू द्या.

वजनदार पांघरुणांची सध्या जाहिरात जोरात आहे. 2014 मध्ये इंग्लंडमधल्या एका काळजीपूर्वक केलेल्या चाचणीत असं दिसलं की त्यांनी स्वमग्न मुलांची झोप काही वाढली नाही. पण मुलांना आणि आईवडिलांना ती साध्या पांघरुणापेक्षा आवडली. मला ही माहिती प्रामाणिक आणि उपयोगाची वाटते. झोपेचा इलाज म्हणून हजारो रुपये घालू नका. अंगावर वजन आवडतं म्हणून हवं असेल तर घरची जाड गोधडी आहे. लहानग्यांवर असं जड पांघरूण घालू नये, आणि मोठ्या मुलालाही ते स्वतः झटकन बाजूला करता आलं पाहिजे. लातूरचा उन्हाळा पाहता चार महिने तो प्रश्न तसाही निघत नाही.

मनगटी यंत्रांबद्दल पालक हल्ली उत्सुकतेनं विचारतात. हृदयाचे ठोके, त्वचेवरचा घाम, हालचाल मोजून उद्रेकाची चाहूल आधी देता येईल का? अमेरिकेत मॅथ्यू गुडविन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये रुग्णालयात दाखल असलेल्या 20 मुलांवर हे करून पाहिलं आणि एक मिनिट आधी अंदाज बांधता येतो असं दाखवलं. काम आशा वाटावी असं आहे. पण ठोके आनंदानंही वाढतात, मे महिन्यात घाम सगळ्यांनाच येतो. आणि यंत्रानं दिलेला इशारा जातो तो आईच्या मोबाइलवर. मुलाला स्वतःच्या अंगातली धडधड ओळखता यावी, यासाठी पुस्तिकेत दिलेली पाच रंगांची पट्टी मला जास्त जवळची वाटते: हिरव्यापासून लालपर्यंत, आणि प्रत्येक रंगापुढं काय केलं तर बरं वाटतं ते त्याच्याच शब्दांत किंवा चित्रांत. बऱ्याच स्वमग्न माणसांना भूक, लघवी, ताप आणि भीती हे आतून वेगवेगळे ओळखता येत नाहीत. ते ओळखायला वर्षं लागतात. लागू द्या.

आणि हाती मोबाइल देऊन गप्प बसवणं? दमलेल्या आईला मी त्यासाठी बोल लावणार नाही. पण मोबाइलवर कार्टून आणि मोबाइलवर बोलण्याचं ॲप असं दोन्ही एकत्र असेल, तर शिक्षा म्हणून मोबाइल काढून घेतला की मुलाची वाचाही गेली. शक्य असेल तर बोलण्यासाठी जुना, वेगळा फोन ठेवा आणि तो कधीही, कशासाठीही, जप्त करू नका. बॅटरी संपेल तेव्हासाठी कागदी चित्रं खिशात असू द्या.

शाळांना यातलं फार थोडं जड जाईल. परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’नं नाव कमावलेल्या या शहरात घड्याळ, तास आणि चाचणी यांची शिस्त शाळाशाळांत पक्की आहे, आणि स्वमग्न मुलाला वेळापत्रक आवडतंच. अडतं ते घंटेच्या कर्कश आवाजाशी, मधल्या सुट्टीतल्या गोंगाटाशी, परीक्षेच्या दिवशी बदललेल्या बाकाशी. एक कोपरा, एक चटई, ‘पाच मिनिटं बाहेर’ असं कार्ड, एवढ्यानं पुष्कळ भागतं. ही कोणाची मेहेरबानीही नाही. 1995 च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेला जागा नव्हती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ती आहे, आणि गरजेप्रमाणे योग्य ते बदल मिळणं हा त्या कायद्यानं हक्क ठरवलाय. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्यविमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. हे कागद वेळेत करून घ्या.

पूर्वी निदानासाठीसुद्धा सोलापूर, हैदराबाद, पुणं गाठावं लागायचं. आता लातुरात उमंगसारखं ऑटिझमसाठीचं केंद्र आहे, हरंगुळचं संवेदना केंद्र सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी काम करतं, आणि 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे अंगणवाडी आणि शाळांपर्यंत तपासणीची पथकं जातात. जळकोट किंवा शिरूर अनंतपाळच्या आईला मात्र आठवड्यातून दोनदा लातूरला येणं आजही परवडत नाही. थेरपीचा तास तिच्यासाठी महिन्यातून एकदा असतो आणि उरलेले दिवस ती एकटी असते. ही पुस्तिका मुख्यतः तिला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहे.

मोठ्या झालेल्या स्वमग्न माणसांसाठी मजकूर अजून कमी आहे, आणि ही उणीव पुढच्या आवृत्तीत भरून निघावी असं मला मनापासून वाटतं. पंचविशीतल्या तरुणाला कार्टूनची पट्टी देऊ नये. त्याला मोबाइलमधलं कॅलेंडर, घड्याळाचे गजर, कामाच्या जागी लिहून दिलेली पायऱ्यांची यादी चालते. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत नंबर दाखवणारा फलक चालू असणं हेसुद्धा त्याच्यासाठी सहायक साधनच आहे: आपल्या आधी किती माणसं, हे दिसलं की तो बाकावर बसून राहू शकतो. तो फलक चालू ठेवायला वेगळा निधी लागत नाही.

पुस्तिका पहिल्या पानापासून वाचत बसू नका. ज्या प्रसंगानं घर सध्या सर्वांत हैराण आहे, तो एकच निवडा, त्याचं पान उघडा, आणि पंधरा दिवस तेवढंच करा. शेवटच्या आठ पानांवरची चित्रं कापून वापरण्यासाठीच छापली आहेत; पुस्तक खराब होईल म्हणून थांबू नका. कापण्याआधी त्या पानांच्या दोन झेरॉक्स काढून एक शाळेत द्या, एक आजोळी.